नारळाची राखण

राज्याच्या उत्तर टोकाला डोंगरी मुलूख होता. थंडीत तिथं हंड्यातलं पाणी गोठायचं. तो मुलूख श्रीमंत करायचा म्हणून प्रधान त्र्यंबकपंतांनी हुकूम काढला, "सातूचं पीक मोडा, नारळ लावा." हुकूम ऐकून तिथली सारजा पाटलीण तडक राजधानीला निघाली. सातू गेला तर गाव खाणार काय? पण पंतांना नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती.

ती भरदरबारात हात जोडून म्हणाली, "योजना झकास आहे, महाराज. फक्त आमच्याकडे एक रीत आहे. काय लावायचं हे जो सांगतो, त्यानंच फळ हाती येईस्तोवर शेतातल्या माळ्यावर बसून राखण करायची."

महाराज मिशीतल्या मिशीत हसले. "रीत मोडू नये. पंत, घोंगडी घ्या."

पंतांनी उपरणं अंगाभोवती घट्ट ओढलं.

"पाटलीणबाई," ते हळूच म्हणाले, "तुमच्याकडे आपला सातूच बरा येत असेल, नाही?"