माळणीच्या वाफ्यातली राख

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तिथल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. आठवावं असं त्याने काही केलंही नव्हतं. त्याच्या राज्यात एक माळीण राहायची. घरात ती आणि तिची लहान लेक, आणि नदीकाठी मळ्याचा एक तुकडा.

भाजीवर मावा पडला की माळीण चुलीतली राख पानांवर भुरभुरायची. तिची आई आणि आजीही तेच करत आल्या होत्या.

एका वर्षी लढाई लागली आणि राजाने बंदुकीच्या गोळ्यांसाठी गावाबाहेर शिशाची भट्टी घातली. राखेचे ढीग साचले. भट्टीवाला माळणीला म्हणाला, "बाई, तुझ्या मळ्यात ओतू का? फुकट देतो."

माळीण हरखली. राखेत काय डावं-उजवं, असं म्हणत तिने गाड्यामागून गाड्या ओतून घेतल्या.

लगेच गांडुळं बांध ओलांडून निघाली. त्यांतलं एक म्हातारं गांडूळ थांबून म्हणालं, "माळीणबाई, ही चुलीतली राख नव्हे. आम्हाला गिळवत नाही."

"जायचं तर जा की," माळीण फणकारली. "आता गांडुळांना विचारून मळा करू?"

मावा गेला. भाजी तरारली. रोज उपटलेला पहिला मुळा माळीण लेकीच्या हातात द्यायची. मग लेकीचं पोट दुखू लागलं. सुबक गजरे ओवणारी तिची बोटं थरथरायला लागली. हळूहळू ती बोलणं विसरली, आईला हाक मारायचीही विसरली.

वैद्याने विचारलं, "हिला खायला काय घालतेस?"

"माझ्याच मळ्यातलं, महाराज. बाहेरचा घास तोंडाला लागू दिला नाही हो!"

वैद्य मळा पाहून आला. "ही भट्टीची राख, हिच्यात शिसं आहे," एवढं सांगून तो गेला. माळणीला सगळं कळलं. तिने मळ्यात पाणी सोडलं, पाचोळा पेटवला, शेवटी बांधावर जाऊन गांडुळाच्या पाया पडली.

"मीठ असतं तर धुऊन गेलं असतं," गांडूळ म्हणालं. "पाला असता तर कुजला असता. शिसं कुठे जाणार, बाई?"

लढाई संपली, भट्टी विझली, भट्टीवाला दुसऱ्या गावी गेला. लेक काही बरी झाली नाही. माळणीने मळ्याला काटेरी कुंपण घातलं. आत हिरवंगार गवत माजायचं आणि म्हातारी माळीण उपाशीपोटी बांधावर बसून लोकांच्या गाईंना ढेकळं मारायची. लोक तिला वेडी म्हणायचे.

मातीत काही घालण्याआधी ते काय आहे हे विचारावं, कारण एकदा घातलेलं विष माती परत देते ते फक्त घासातून.