तोंडाला काळं

फार फार जुनी गोष्ट. एक राजा होता. तो दिसायला कसा होता, हे मात्र विचारू नका. का, ते पुढे कळेलच.

आपलं चित्र घरोघरी असावं, अशी राजाला हौस आली. तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणाऱ्या एका म्हातारीला त्याने बोलावलं. तिने त्याचा चेहरा कोरला, पत्र्याला शाई लावली, वरवरची पुसून घेतली आणि कागद दाबला. रेघांत उरलेली शाई कागदावर उतरली आणि राजा हुबेहूब उमटला. डोळ्यांखालची काळजी, गेलेल्या थोरल्या मुलासाठी रडून ओठांशी पडलेली घडी, सगळं.

राजा भडकला. "माझ्या तोंडाला काळं फासतेस?" त्याने कागद टराटरा फाडला.

म्हातारी म्हणाली, "महाराज, तांब्यावर उजेड कोरता येत नाही. मी कोरते ती सावली. जिथे हात लावत नाही, तो उजेड."

राजाला ते कुठलं पटायला! डोळ्यांखालच्या रेघा काढून टाक, असा हुकूम सुटला. हुकमापुढे शहाणपण चालत नाही. तिने पत्रा तेवढा घोटून गुळगुळीत केला. दुसऱ्या दिवशी राजाने आरशात पाहिलं, तर डोळ्यांखाली खरोखरच सुरकुती नव्हती. राजा हरखला. तोंडपुजे दरबारी त्याहून हरखले.

मग ओठांशेजारची घडी गेली, आणि थोरला मुलगा राजाला आठवेनासा झाला. मग नाकाची, हनुवटीची सावली गेली. समया पेटवल्या की भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या हलत. राजामागची भिंत कोरी असे. ते दिसत सगळ्यांना होतं, बोललं कुणीच नाही.

शेवटी भुवया आणि डोळे तेवढे उरले. "तेही काळंच," राजा म्हणाला. तेही गेलं.

त्या संध्याकाळी राजा महालात आला. धाकटी लेक एरवी धावत यायची. आज ती दारातच थबकली आणि आईच्या पदराआड लपली.

"आईसाहेब, आबासाहेबांचे कपडे असे एकटेच का उभे आहेत?"

राजा तसाच म्हातारीकडे धावला. "फास, हवं तेवढं काळं फास," तो रडत म्हणाला. तिने त्याला आवाजावरून ओळखलं. पत्र्याला शाई फासली, पुसली, तर सगळीच निघून आली. धरून ठेवायला रेघच नव्हती. कागद कोरा निघाला.

"मग पुन्हा कोर."

म्हातारीने अवजार उचललं, वर पाहिलं आणि ते हळूच खाली ठेवलं.

"कोरेन, महाराज. पण पाहून कोरायला समोर चेहरा हवा ना."

लहानांनो आणि थोरांनो, तात्पर्य एवढंच: जो आपली सावली पुसायला निघतो, त्याचा चेहराही पुसला जातो.