सोनटक्क्याच्या बेटातली परी

वैशाख लागला होता. सकाळी आठलाच उन्हाचे चटके बसत होते, आणि वेणूच्या इवल्याशा तळहातांवर चार टपोरे फोड आले होते. तिने फोडांवर हळूच फुंकर घातली आणि खुरपं पुन्हा हातात घेतलं.

वेणू नऊ वर्षांची होती. तिचे बाबा, भिवा माळी, टेकडीवरच्या पांढऱ्या बंगल्याची बाग राखत. बागेच्या कडेलाच त्यांचं एका खोलीचं घर होतं. आई देवाघरी गेलेली, त्यामुळे घरात बापलेक दोघंच. चैत्रात बाबा झाडावरून पडले, पाठीला जबर मार बसला, आणि तेव्हापासून ते खाटेवर पडून होते. साधी कूस बदलायची तरी वेणूला हात द्यावा लागे.

बाबा आजारी पडले आणि बागेत लव्हाळा माजला. हिरवंगार, टोकदार, चिवट गवत ते. गुलबाक्षीत घुसलं, कर्दळीत घुसलं, मोगऱ्याच्या आळ्यातही जाऊन बसलं. बंगल्याच्या बाईसाहेब वरच्या खिडकीतून हे सगळं पाहत. त्यांनी निरोप धाडला, "पौर्णिमेपर्यंत बाग नीट झाली नाही, तर दुसरा माळी येईल. माळ्याचं घरही त्याला लागेल."

म्हणून वेणू रोज लव्हाळा उपटायची. पण तीन दिवस गेले की तो पुन्हा हसत उभा.

त्या सकाळी ती जुन्या हौदापाशी आली. तिथे सोनटक्क्याचं मोठं बेट होतं. एकाला एक चिकटून उभे असलेले दांडे, पिवळी पडलेली पानं. दोन वर्षं त्याला एकही पांढरं फूल आलं नव्हतं. वेणू त्याच्या बुडातला लव्हाळा काढू लागली, तेवढ्यात आतून बारीक आवाज आला.

"अगं, जरा हळू. माझा पंख अडकलाय."

वेणूने दोन दांडे अलगद बाजूला केले. आत करंगळीएवढी परी बसली होती. दुधासारखा पांढरा झगा, केसांत केशरी पराग, डोळे दवबिंदूसारखे लुकलुकणारे. पण तिचे रुपेरी पंख मात्र पार चुरगळून गेले होते.

"तुला लागलं का?" वेणूने विचारलं.

"लागलं नाही गं. मला जागाच नाही," परी म्हणाली. "सहा वर्षं झाली, हे बेट कुणी उकरलं नाही. खाली कंदावर कंद चढलेत. फुलाला वर यायला वाट नाही आणि मला पंख उघडायला."

वेणूने आपल्या ओंजळीत हौदातलं पाणी आणलं आणि परीच्या पंखांवर थेंब थेंब सोडलं. फोडांवर पाणी चुरचुरत होतं, तरी तिने ओंजळ सोडली नाही. चुरगळलेला एक पंख हळूहळू सरळ झाला, आणि त्यावर गुलाबी, निळी, सोनेरी झाक उमटली.

परी तिच्या हातांकडे बघत राहिली. "मोठ्या पऱ्या तीन मागणी पुरवतात," ती म्हणाली. "मी छोटीशी, माझी दोनच. पण नीट ऐक. मी हिरव्याची परी आहे. गवतही हिरवंच. त्याला मार असं मला सांगायचं नाही. आणि प्रत्येक मागण्याला मी दोन थेंब देईन. एक तुझ्या घरासाठी. दुसरा सूर्य मावळायच्या आत घराबाहेरच्या कुणाला तरी द्यायचा. दिला नाहीस, तर पहिल्याचाही गुण जाईल."

वेणूने खूप विचार केला. "लव्हाळा पुन्हा पुन्हा का उगवतो ते मला बघायचंय," ती शेवटी म्हणाली.

"मग डोळ्यात घाल," म्हणत परीने एका पानाचा द्रोण पुढे केला. त्यात दोन चकाकते थेंब होते. वेणूने एक थेंब उजव्या डोळ्यात घातला, आणि काय सांगावं, माती पाण्यासारखी नितळ झाली. खाली लव्हाळ्याच्या काळ्या काळ्या गाठी मण्यांसारख्या धाग्यात ओवलेल्या होत्या. वरचं पातं तुटलं तरी गाठ खाली सुखात होती. आणि सोनटक्क्याचे कंद? जत्रेतल्या गर्दीसारखे एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेले.

दुसरा थेंब घेऊन वेणू कुंपणापलीकडच्या बकुळाकाकूंकडे धावली. त्यांच्या मेथीच्या वाफ्यातही लव्हाळ्याने ठाण मांडलं होतं. काकूंनी डाव्या डोळ्यात थेंब घातला आणि त्या खालीच बसल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी याचे नुसते केसच कापत होते की."

दुसऱ्या दिवशी काकू आपली कुदळ घेऊन वेणूच्या मदतीला आल्या. दोघी खोल खणत, गाठ शोधत, अख्खा धागा ओढून काढत आणि तापलेल्या खडकावर वाळत टाकत. मग सोनटक्क्याची पाळी आली. वेणूचा हात थांबला.

"हे तुझं घर आहे," ती परीला म्हणाली. "तोडलं तर तू कुठे जाशील?"

"तू फोड तर," परी म्हणाली. "प्रत्येक तुकड्याला एक तरी कोंब राहू दे, म्हणजे झालं."

घरी बाबांनी खाटेवरून तसंच सांगितलं. "हाताने सुटतात ते हाताने सोडव, बाळ. नाहीच सुटलं तर विळ्याने काप. आणि एक-एक हात अंतर ठेव."

एका बेटाचे सव्वीस तुकडे झाले. वेणूने खड्ड्यांत शेणखत घातलं, कंद मांडले, वर थोडासा वाळका पाला विखुरला. हौदातलं पाणी झारी झारी करून पोचवलं. काम संपलं तेव्हा बागेत गवताचं पातं नव्हतं, पण हौदापाशी हिरवंही काही दिसत नव्हतं. नुसती काळी माती.

पुढचे दिवस वेणू रोज पाणी घालत राहिली. पौर्णिमेच्या दुपारी बंगल्यातून निरोप आला. "सोनटक्का पार उपटून टाकलात. उद्या घर रिकामं करा."

बाबांनी उठायची धडपड केली. कपाळावर घाम डवरला, आणि ते पुन्हा खाटेवर कोसळले. वेणू धावत हौदापाशी गेली. परी झारीच्या तोटीवर बसली होती.

"दुसरं मागणं," वेणू म्हणाली. "माझ्या बाबांची पाठ बरी होऊ दे."

पुन्हा द्रोण, पुन्हा दोन थेंब. एक थेंब वेणूने बाबांच्या पाठीला चोळला. बाबा उठून बसले. भिंतीला धरून उभे राहिले. पण पाठ वाकलेलीच होती.

वेणूने द्रोणातल्या उरलेल्या थेंबाकडे पाहिलं. तो लावला असता तर पाठ ताठ झाली असती का? सूर्य आंब्याच्या शेंड्यापर्यंत उतरला होता. तिने बाबांना सगळं सांगितलं.

बाबांनी कोपऱ्यातली काठी ओढून घेतली. "मला उभं राहता येतंय, एवढं खूप झालं," ते म्हणाले. "कुणाला द्यायचा ते तू ठरव. पण लवकर जा, ऊन उतरतंय."

वेणू द्रोण सांभाळत बंगल्याचा जिना चढली. बाईसाहेब खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या पायांवर या उकाड्यातही शाल होती आणि दोन्ही गुडघे सुजून घागरीसारखे झाले होते. वेणूला ठाऊकच नव्हतं. तिला वाटायचं, बाईसाहेबांना खाली यायला आवडत नाही.

"किती दिवसांपासून दुखतात?" तिने विचारलं.

"चार वर्षं," बाईसाहेब म्हणाल्या. "तू घराची विनवणी करायला आलीस ना?"

"आले होते," वेणू खरं ते बोलली. "पण आधी हे लावते. अर्धंच बरं वाटेल. अर्धं बाबांना दिलंय."

"मी तुम्हाला घराबाहेर काढतेय, आणि तू मला औषध लावतेस?"

ती खाली बसली आणि तिने तो थेंब दोन्ही गुडघ्यांवर हळूहळू चोळला. फोडांनी खरखरीत झालेले ते हात बाईसाहेब बघत राहिल्या. मग त्यांनी शाल बाजूला केली आणि खुर्चीच्या हातांवर जोर दिला. त्या उभ्या राहिल्या.

वेणूच्या खांद्यावर हात ठेवून त्या एक एक पायरी उतरल्या. हौदापाशी पोचल्या तेव्हा सूर्य लाल होऊन टेकला होता. वरून जी काळी माती दिसायची, तिच्यात पाल्याआडून पोपटाच्या चोचीएवढे कोंब डोकावत होते. हिरवे, कोवळे, तकतकीत. बाईसाहेबांनी एकेक मोजला. सव्वीस.

"आणि मी म्हणत होते, उपटून टाकलं," त्या पुटपुटल्या. काठी टेकत बाबा आले होते, त्यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "भिवा, घर तुमचंच आहे. काठी घेऊन काम केलंस तरी चालेल. मीही आता काठी घेऊन रोज येणार आहे."

कोंबांशेजारी लव्हाळ्याचं एक पातं उगवलं होतं. बाईसाहेबांनी वाकून ते ओढलं, आणि ते तुटून हातात आलं.

"असं नाही," वेणू म्हणाली. "खाली बोटं घाला. गाठ लागते का बघा."

बाईसाहेब मातीत बोटं घालून शोधू लागल्या, तेव्हा हौदाच्या काठावर काहीतरी चमकलं. परी उभी होती. तिचे दोन्ही पंख पूर्ण उघडले होते, मोत्यासारखे शुभ्र, कडेला सोनेरी. तिने वेणूच्या दोन्ही तळहातांना चिमुकले ओठ टेकले, आणि चारही फोड विरून गेले.

"आता मला जागाच जागा आहे," ती म्हणाली.

मग ती उजळली. दिव्याएवढी, चांदणीएवढी, आणि तो उजेड फुटून सव्वीस ठिणग्या झाला. एकेक ठिणगी एकेका कोंबावर उतरली, क्षणभर थरथरली आणि आत विझून गेली.

"सापडली," बाईसाहेब म्हणाल्या, आणि मातीने माखलेली काळी गाठ त्यांनी वेणूच्या हातावर ठेवली.