हिलमन की व्हॅनगार्ड

"हिलमन की व्हॅनगार्ड? तेवढं एकच सांगा, बाबा."

सुकुमारनं चपलाही काढल्या नव्हत्या. धापा टाकत तो दर्ग्यामागच्या चिंचेखाली आला आणि मोबाइल थेट हसनबाबांच्या तोंडासमोर धरला.

फकिरी घेण्याआधी बाबा मुंबईत एका शेटजीच्या मोटारी चालवायचे. त्या काळातल्या गाड्यांची त्यांच्याइतकी पारख मिरजेत कुणाला नव्हती.

"आधी चपला काढ. मग बस."

सुकुमार बसला. मोबाइलवर जुनी मुंबई चालत होती. काळीपांढरी, मुकी. टोप्या घातलेली माणसं, बग्गी, ट्राम. ट्रामच्या आडून एका मोटारीची पाठ जरा दिसली न दिसली आणि गेली. सुकुमारनं फिल्म मागे नेली. पुन्हा ती पाठ. पुन्हा मागे.

बाबा मोबाइलकडे बघतच नव्हते. त्याच्या अंगठ्याकडे बघत होते.

"पैज कुणाशी लागलीय?"

"आण्णाशी. माझा थोरला भाऊ, भूपाल. जुन्या फिल्मा लावायच्या आणि मोटारी ओळखायच्या, असा आमचा खेळ होता. सगळ्या ओळखल्या, ही एकच अडली. तो म्हणायचा हिलमन, मी म्हणायचो व्हॅनगार्ड."

"मग त्यालाही आणायचं की."

सुकुमारनं फिल्म थांबवली.

"मागच्या महिन्यात ट्रकनं उडवलं त्याला. त्या सकाळी चहा पिताना ह्याच गाडीवरनं भांडलो. मी म्हणलं, तुला ट्रॅक्टर आणि म्हैस तरी वेगळी दिसती का? तो हसला. मोटरसायकलला किक मारली आणि गेला."

सुकुमारनं मोबाइल पुन्हा पुढं केला.

"तुम्ही हिलमन म्हणा, बाबा. मी हरलो. घरी जाऊन त्याच्या फोटोपुढं तसं सांगतो. म्हणजे मिटलं."

"मिटलं?"



बाबांनी मोबाइल घेतला, आपल्या मांडीवर पालथा ठेवला.

"हिलमन."

"न बघताच?"

"हिलमनला बघायचं काय?"

झालं. हेच तर ऐकायला तो एवढ्या उन्हातून आला होता. तो उठला. एका चपलेत पाय घातला. दुसरा पाय तसाच राहिला.

"पण बाबा, हिलमनची डिकी मागं उठून दिसती. हिची पाठ तर कासवासारखी उतरती हाय."

"डिकी आहे. दिसत नाही."

"अहो, ट्रामच्या आडनं निघती ती, तेव्हा बघा की..."

"ट्रामनंच झाकली डिकी."

"काय झाकली? गाडी पुढं जाती, ट्राम उभी हाय!" सुकुमारचा आवाज चढला. एका चपलेनिशी तो परत बाबांपुढं येऊन उभा राहिला. "काय बी बोलताय. तुम्हाला ट्रॅक्टर आणि म्हैस तरी..."



तो मटकन खाली बसला. गुडघ्यात तोंड खुपसून त्यानं हंबरडा फोडला. दर्ग्यात फुलं वाहायला आलेली बाई थबकली, आणि बाबांनी हातानंच तिला पुढं जायला सांगितलं.

बऱ्याच वेळानं त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"हरायला आलो होतो मी, बाबा..."

बाबांनी मोबाइल उचलला, सदऱ्याला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"त्याची बाजू मी धरतो. तू तुझी सोडू नकोस."