काळ्या हातांची सभा

पुष्कळ, पुष्कळ वर्षांपूर्वी, राजे घोड्यावर बसून आपलं राज्य मोजायचे तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या पोटात कोळशाची खाण होती. ती राजाची नव्हती की कुणा सावकाराची नव्हती, पायथ्याच्या गावाची होती. गावानं खाणीचे शंभर वाटे केले होते आणि प्रत्येक वाट्याला तांब्याचा एक बिल्ला पाडला होता. ज्याच्याकडे बिल्ला तो वाटेकरी. निघालेल्या कोळशात त्याचा हिस्सा. मनात आलं तर बिल्ला बाजारात विकायचीही मोकळीक होती.

या वाटेकऱ्यांचा एक रिवाज होता. सभेत बोलायचं तर आधी खाणीत उतरायचं, स्वतःच्या हातानं कोळसा फोडायचा, आणि तो काळा हात वर करून मगच तोंड उघडायचं. चांगला रिवाज होता हो! पण माणसांचे गुडघे दुखायला लागले. मग कुणा शहाण्यानं शक्कल काढली. पारावर एका परातीत कोळशाचा चुरा ठेवला. त्यात हात बुडवा नि बोला! खाली उतरायची कटकट गेली. हात मात्र पहिल्यासारखेच काळे दिसायचे.

त्या गावात ठकूबाई नावाची लोहारीण होती. तिच्या नवऱ्यानं तीस वर्षं खाणीत टिकाव चालवला, मजुरीच्या बदल्यात पाच बिल्ले मिळवले आणि एका पावसाळ्यात तापानं गेला. त्याच्यामागं ठकूबाईनं घण हाती घेतला. विळे, कोयते, नांगराचे फाळ, सगळं ती घडवायची. खाणीचा कोळसा होता म्हणून भट्टी पेटत होती, आणि भट्टी पेटत होती म्हणून ठकूबाईला कुणापुढं पदर पसरावा लागत नव्हता.

आणि मग बिल्ल्याचा भाव पडायला लागला. ज्या बिल्ल्याला पूर्वी दोन पोती ज्वारी मिळायची, त्याला एक पोतं मिळू लागलं. पुढं अर्धं. पुढं तर बाजारात बिल्ला दाखवला की लोक हसायला लागले. खाणीत पाणी शिरलंय, कोळसा कमी निघतोय, एवढंच सगळ्यांना ऐकून ठाऊक होतं.

अशात नदीपलीकडचा एक व्यापारी आला. तिकडं त्याची स्वतःची खाण होती. तो म्हणाला, “पुढच्या बाजाराच्या दिवशी मला साठ बिल्ले द्या. प्रत्येकी पाच पायली ज्वारी देतो. साठाला एकही कमी असला तर मला काही नको.”

गावाच्या नियमानं साठ बिल्ले एका हातात गेले की खाण त्या हाताची. स्वतःची खाण चालावी म्हणून हा व्यापारी गावची खाण बुजवणार, हे ठकूबाईला कळायला वेळ लागला नाही. पण खाण खरंच मेली असेल नि बिल्ले विकले नाहीत तर पाच पायल्याही बुडतील, हेही खरंच होतं की! तिचा जीव टांगणीला लागला.

सभा भरली. बाळोजी तेल्यानं परातीत हात बुडवला आणि वर केला. “विका! आत्ताच विका! उद्या हे बिल्ले पोरांना खेळायला द्यावे लागतील!”

म्हातारे अंताजी उठले. त्यांनीही हात काळा करून घेतला. “माझ्या आज्यानं हा बिल्ला जपला, बापानं जपला. मीही विकणार नाही. खाण परत उभी राहील.”

“कशावरून?” बाळोजी म्हणाला.

“मला वाटतं म्हणून!”

“आणि मला नाही वाटत!”

झालं. अर्धा गाव इकडं, अर्धा तिकडं. तीन दिवस नुसतं रण माजलं. ठकूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होती. चौथ्या दिवशी तीही उठली, परातीजवळ गेली. चुऱ्यात बोटं घालणार, तेवढ्यात तिला नवऱ्याचे हात आठवले. नखांच्या मुळाशी शिरलेलं ते काळं तीस वर्षांत कधी निघालं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं हात मागं घेतला.

“काय झालं ठकूबाई? बोला की!” बाळोजी म्हणाला.

“बोलीन. आधी बघून येते.” आणि ती तडक डोंगराकडं चालू लागली.

खाणीच्या तोंडाशी सोनबा मुकादम बसला होता. तिच्या नवऱ्याचा जुना सोबती. पदर खोचलेल्या ठकूबाईला बघून तो उठलाच. “वहिनी, तुम्ही इथं?”

“सोनबाभाऊ, दिवटी घ्या आणि मला खाली न्या. सगळं दाखवा. चांगलंही आणि वाईटही.”

सोनबानं आधी तिला पश्चिमेच्या अंगाला नेलं. तिथं नुसता दगड होता. कोळसा संपला होता.  म्हणजे बाळोजी खोटं बोलत नव्हता! मग दोघं पूर्वेकडं वळले. गुडघाभर पाणी. ठकूबाई थांबली नाही, पाण्यातून चालत राहिली, आणि पलीकडच्या भिंतीवर दिवटीचा उजेड पडला तेव्हा तिथं काळाभोर थर चमकत होता.

“हा किती दिवस पुरेल?”

“दहा-बारा वर्षं. जास्त नाही.”

तिच्या मानेवर थेंब पडला. तिनं वर पाहिलं. “भाऊ, हे पाणी तर छतातून गळतंय!”

“वरूनच येतंय. खाणीच्या माथ्यावर चर आहे ना, डोंगराचं पाणी बाजूला काढणारा? तो गाळानं भरलाय. ओढा सगळा आत झिरपतोय.”

“तो चर उपसायचं काम कुणाचं?”

सोनबानं मान खाली घातली. “वाटेकऱ्यांचं. दरवर्षी खाली उतरायला यायचे तेव्हा उपसून जायचे. यायचे बंद झाले, चरही बुजला.”

“अहो, मग हे सभेत का नाही सांगितलंत?”

“माझ्याकडं बिल्ला कुठं आहे वहिनी? बिल्ल्याशिवाय सभेत बोलता येत नाही.”

 ज्याला ठाऊक होतं त्याला बोलायची मुभा नव्हती, आणि ज्यांना मुभा होती त्यांना काडीचं ठाऊक नव्हतं. ठकूबाईला रडूही आलं आणि रागही आला. तिनं सोनबाच्या हातातला टिकाव घेतला आणि थरावर मारला.

तो दिवस बाजाराचाच होता. व्यापाऱ्याच्या गाड्या ज्वारी भरून पाराशी उभ्या होत्या. ठकूबाई आली ती कोपरापर्यंत काळी, लुगडं चिखलानं भरलेलं. पाचातला एक बिल्ला तिनं सगळ्यांदेखत सोनबाच्या हातावर ठेवला. “आता तुम्ही वाटेकरी. बोला.”

सोनबानं सगळं सांगितलं. पश्चिम संपली तेही, पूर्व उरली तेही, चराचंही. सभेला काही ते पटलं नाही. तेव्हा ठकूबाईनं ती परात उचलली आणि चुरा मातीत ओतून दिला. “आमचं ऐकू नका. खाली उतरा, डोळ्यांनी बघा, मग विका नाहीतर ठेवा. पण न बघता आता कुणी हात वर करायचा नाही!”

सगळ्यांत आधी कोण उठला असेल? बाळोजी! “खोटा ठरायचंच असेल तर बघून ठरतो,” असं पुटपुटत तो निघाला. अंताजींना दोघांनी हात धरून नेलं. पश्चिमेचा दगड बघून अंताजींनी ‘मला वाटतं’ म्हणणं सोडलं. पूर्वेचा थर बघून बाळोजीनं ‘विका’ म्हणणं सोडलं. संध्याकाळपर्यंत व्यापाऱ्याला अकराच बिल्ले मिळाले. त्यानं ते परत फेकले आणि गाड्या वळवल्या.

दुसऱ्या दिवशी गावानं कुदळी, फावडी उचलली. काम सुरू झालं तरी बिल्ल्याचा भाव आणखीच पडला, बरं का! बाजारातली माणसं त्यांना वेडी म्हणाली. ठकूबाई म्हणाली, “म्हणू द्या. उपसा!” एकोणीस दिवसांनी चर मोकळा झाला, ओढा आपल्या वाटेनं गेला. मग रांग लावून आतलं पाणी घागरींनी बाहेर काढलं. महिन्याभरात पूर्वेचा कोळसा पाट्यांनी वर येऊ लागला आणि बिल्ल्याला पुन्हा पोतंभर ज्वारी मिळू लागली.

तेव्हापासून जुना रिवाज परत आला. दरवर्षी सगळे खाली उतरायचे. त्यामुळं थर कुठवर आलाय हे घराघरात ठाऊक असायचं. संपायला चार वर्षं उरली तेव्हा त्यांनी लाकडाचा कोळसा पाडायला माळावर बाभळी लावल्या. चर उपसल्यापासून बारा वर्षांनी खाण खरोखर संपली, पण गावात ना आरडाओरडा झाला ना कुणी बिल्ले घेऊन बाजाराकडं पळालं. शेवटचा कोळसा म्हाताऱ्या ठकूबाईनं आपल्या हातानं फोडला, आणि दुसऱ्या दिवशी बाभळीच्या कोळशावर तिची भट्टी पेटली.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, जे आपलं आहे त्याचा भाव बाजाराला विचारण्याआधी, स्वतः खाली उतरून ते बघावं.