शिलाई मशीनचं तेल

कॅमेरे किल्लीवर चालत, तेव्हाची गोष्ट. अंतोबा फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यात भिंगामागे पाच पोलादी पाती राहायची. बटण दाबताच ती क्षणभर उघडायची आणि लगेच मिटायची.

शेजारची शिलाई मशीन म्हणाली, "किती कोरडी राहता रे. माझं तेल घ्या, अंग हलकं होईल."

पात्यांना मोह पडला. ती मुद्दाम करकरू लागली, तेव्हा अंतोबाने मशीनच्या तेलाचा थेंब आत सोडला. पाती मजेत एकमेकांना बिलगली.

त्या दुपारी पलटणीत निघालेला मुलगा आईसोबत फोटोला बसला. बिलगलेली पाती उशिरा मिटली. नको तेवढा उजेड आत शिरला आणि फोटोतले चेहरे पांढरेफटक झाले. फोटो धुऊन हाती येईपर्यंत मुलाची गाडी सुटली होती.

अंतोबाने पाती धुऊन कोरडी केली. मशीनने पुन्हा तेल देऊ केलं, तेव्हा धाकटं पातं हळूच म्हणालं, "नको मावशी. ती बाई अजून त्या कागदात लेक शोधतेय."