अठ्ठ्याण्णव टक्के

एकदा एका जिल्हा रुग्णालयात एक वृद्ध तंत्रज्ञ आणि त्याचा शिष्य रक्तपेढीचा सर्व्हर सांभाळत होते. सर्व्हर एकच, कामे अनेक. म्हणून वृद्धाने नियम घातला होता की कोणत्याही प्रोग्रामला तीसच सेकंद मिळतील. मुदत भरली की टायमर सिग्नल देई आणि प्रोग्राम काम आवरून बाजूला होई.

शिष्य रक्तदान सप्ताहाच्या समारंभासाठी दहा वर्षांच्या रक्तदात्यांचा अहवाल तयार करत होता. तीस सेकंदांत ते होईना. तेव्हा त्याने प्रोग्राममध्ये गुपचूप एक सूचना घातली: सिग्नल आला तरी थांबू नकोस.

अहवाल अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर पोचला आणि वृद्ध आत आला. एक शब्दही न विचारता त्याने शेवटचा सिग्नल सोडला, जो कोणत्याच प्रोग्रामला टाळता येत नाही. पडदा कोरा झाला.

“सर, दोनच टक्के राहिले होते!” शिष्य ओरडला. “पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं?”

“रक्तपेढीच्या खिडकीवर चल.”

खिडकीशी एक गृहस्थ उभा होता. त्याची बायको बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. आतल्या बाई त्याला सांगत होत्या, “सापडलं हो दादा! पाऊण तास कॉम्प्युटरवर नुसतं चक्र फिरत होतं, फोन लावून लावून बोटं दुखली माझी. आत्ता कुठे यादी उघडली. शेजारच्या तालुक्यात ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या आहेत. गाडी निघतेय.”

वृद्ध हळू आवाजात म्हणाला, “मला विचारलं असतंस तर अहवालासाठी रविवार मोकळा करून दिला असता. तू इशाऱ्याचंच तोंड बंद केलंस. आपलं काम मोठं वाटायला लागलं की मागे खोळंबलेले दिसेनासे होतात. माझंही तसंच होतं, म्हणून माझ्या प्रोग्रामलासुद्धा तीसच सेकंद.”

रक्त वेळेत आले, त्याची बायको वाचली. संध्याकाळी तो गृहस्थ सर्व्हरच्या खोलीशी आला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, तुमच्या कॉम्प्युटरमुळे वाचली ती.”

शिष्याची मान वर होईना. “दादा,” तो कसाबसा म्हणाला, “तो पाऊण तास माझ्यामुळे गेला. मी माझं काम मध्ये घातलं होतं.”

जोडलेले हात सावकाश सुटले. गृहस्थ वॉर्डकडे वळला.

मुदत संपूनही जागा अडवून बसणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. खोळंबलेल्या माणसासमोर उभे राहून एवढे तरी त्यांच्यापैकी कोणी कबूल केले आहे?